दाखल्यावरची ओळ

डॉक्टर टूप्स दर चार वर्षांनी मतं मागायला यायचे ते रविवारी, आणि तेही बरोबर जेवणाच्या वेळेला, हे ओडील कुरोलला पाठ होतं. म्हणून त्या रविवारी तिने गंबो रश्श्याच्या पातेल्यात मूठभर कालवं जास्त टाकली आणि लगेच स्वतःवरच चिडली. जावयाला, नेव्हिल शेरामीला, जाऊन सोळा दिवस झाले होते. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ज्या माणसाने ती ओळ लिहिली त्याच्यासाठी आपण कालवं वाढवतोय, म्हणजे कमाल आहे.

पण डॉक्टरांशी वैर धरणं आमच्या खाडीवर कोणाला परवडलेलं नाही. अर्धी खाडी त्यांच्या हातावर जन्मलेली. शिवाय वीस वर्षं परगण्याचे कॉरोनर तेच. कोणी बुडालं, कोणी होडीवरून पडलं, कोणी शेतात आडवं झालं, की तो कशाने गेला हे ठरवायचं काम या निवडून दिलेल्या डॉक्टरचं. काम मेलेल्यांचं, पण मतं जिवंतांची. त्यामुळे जिवंतांना राखून राहावं लागतं, आणि टूप्सना ते छान जमत होतं.

एल्वा मागच्या दाराने आत आली. काळा झगा, केस घट्ट बांधलेले. तिचं घर आईच्या परसाला लागूनच होतं, पण सोळा दिवसांत ती जेवायला आली नव्हती.

"मम्मा, आज मी टेबलावर बसणार."

"बस की. कोणी नको म्हटलंय?"

"आणि डॉक्टरला विचारणार."

ओडीलने डाव खाली ठेवला. "जेवण झाल्यावर विचार गं. माणसाला आधी दोन घास खाऊ दे."

"दोन घास झाले की तू म्हणशील कॉफी होऊ दे. कॉफी झाली की तो टोपी घेऊन उठेल. मी ओळखते त्याला."

"आणि कागद बदलला म्हणून नेव्हिल परत येणारे का?"

"परत यावा म्हणून नाही." एल्वाने सुरी घेतली आणि आईपुढचा कांदा स्वतःकडे ओढला. "त्याची आई दारं लावून बसलीय. परवा चर्चमध्ये तिच्या बाकावर शेजारी कोणी बसलं नाही. बायका म्हणतात, वेदीसमोर दारू सोडायची शपथ घेतली आणि बोटीवर लपून पीत होता. दोन वर्षं आणि चार महिने, मम्मा. त्यातला एकेक दिवस मी बघितलाय. पहिले तीन महिने तर रात्री त्याचा हात धरून बसले होते मी."

खरं सांगायचं तर ओडीलचाही विश्वास डळमळला होता. नवऱ्याने तिला सांगितलं होतं, पोराजवळ बाटली सापडली. पिणाऱ्याची शपथ म्हणजे भरतीच्या वाळूवरची रेघ, असं तिची आई म्हणायची, आणि आई बहुतेक वेळा बरोबर असायची. लेकीला हे सांगायची हिंमत मात्र ओडीलला झाली नाही. तिने भात उतरवला.

*

ओडीलच्या मुलाला, क्लोविसला, डॉक्टर आवडायचे, पण आज त्यांनी यायला नको होतं असं त्याला वाटत होतं. तो बापाच्या उजवीकडे बसला होता, चौदाव्या वर्षापासून बोटीवर आणि टेबलावरही तो तिथेच होता. आता चाळिशीला आला होता. हा हंगाम संपला की 'मिस ओडील' बोट तुझी, असं पप्पा उन्हाळ्यातच म्हणाले होते.

"मग, ऑलियस," डॉक्टर टूप्स नॅपकिन गळ्यात खोचत म्हणाले, "पाटी आणलीय हं मी. गाडीत आहे. मागच्या खेपेला तू डोलकाठीवर लावलीस आणि खाडीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत लोकांना माझंच नाव दिसत होतं. समोरचा उमेदवार म्हणे डोळे मिटून गाडी चालवायचा."

"लावू," ऑलियस कुरोल म्हणाला. एवढंच. एरवी त्याने चार टोले दिले असते.

"शनिवारी मतदान. कुरोलांची एकवीस मतं धरून चालतो मी."

"वीस," ओडील म्हणाली. "एक गेलं."

डॉक्टर ओशाळले. "चुकलो, ओडील. माफ कर." त्यांनी दोन-तीन चमचे खाल्ले. पण निवडणुकीतला माणूस गप्प किती बसणार? "आणि तो शहरातून आलेला पोरगेला डॉक्टर काय सांगत फिरतोय, ऐकलंत? म्हणे टूप्स प्रेत कापत नाही, नुसतं हस्तांदोलन करून पाठवून देतो."

ओडीलला हसू फुटलं, आणि मग हसल्याचं तिला वाईट वाटलं.

"खरं आहे का ते, डॉक्टर?" एल्वाने विचारलं.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. ती पहिल्यांदाच बोलली होती.

"एल्वा," क्लोविस म्हणाला.

"तू थांब. डॉक्टर, नेव्हिलला कापलं नाहीत ना तुम्ही?"

"बेटा, तुझ्या वडिलांनीच सांगितलं, पोराला कापू नका म्हणून. घरचे नको म्हणाले तर मी सुरी लावत नाही. वीस वर्षं लावली नाही. आपल्याच माणसांना काय कापायचं?"

"मग आत दारू होती हे कसं कळलं?"

क्लोविसने बापाकडे पाहिलं. ऑलियस पाव मोडत होता, मोडतच होता, खात नव्हता. पलीकडच्या काठावर एका खलाशाची बायको कोर्टात गेली होती, तेव्हा बोट, जाळी, अगदी नांगरासकट लिलावात गेली होती. ते क्लोविसने डोळ्यांनी पाहिलं होतं. बोटीच्या चुकीने माणूस मेला तर त्याची भरपाई बोटीच्याच मानेवर बसते. आणि माणूस स्वतःच्या दारूने मेला, तर बोट सुटते. एवढा साधा हिशेब होता. नेव्हिलला आता काही फरक पडत नाही, असं तो सोळा दिवस स्वतःला सांगत होता. एल्वा समोर नसायची तेव्हा ते पटायचंही.

*

डॉक्टर टूप्सना प्रश्नांची सवय होती, पण ते प्रश्न बहुतेक वेळा रडत रडत विचारलेले असत. ही पोरगी रडत नव्हती.

त्यांनी आठवून पाहिलं. धक्क्यावर 'मिस ओडील' लागली तेव्हा दुपार झाली होती. नेव्हिल ताडपत्रीवर, ओठ निळे, शेजारी बाटली. त्यांनी ऑलियसला विचारलं होतं, पुन्हा सुरू केली होती का रे याने? ऑलियस पाण्याकडे बघत राहिला. आमच्या खाडीवर अशा गप्प राहण्याला 'हो' म्हणतात. डॉक्टरांनी तसंच लिहिलं: हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू, मद्यपानामुळे.

"बाटली होती त्याच्याजवळ," ते म्हणाले. "आणि नेव्हिलचा पूर्वेतिहास मला माहीत होता. दोनदा मीच त्याला शुद्धीवर आणलंय."

"मी धक्क्यावर त्याचा मुका घेतला. सगळ्यांसमोर. तुम्हीही होतात."

"होतो."

"दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मुका मी सात वर्षं घेतलाय, डॉक्टर. तो वास मला झोपेतही कळतो. त्या दिवशी तो नव्हता. आगपेटीची काडी ओढल्यावर येतो ना, नाकात झणझणतो, तो होता. तुम्ही वास घेतलात?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

काडीचा वास डेकवर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोळंबी पकडली की एका दिवसात तिचं डोकं काळं पडायला लागतं आणि घेणारा नाक मुरडतो. म्हणून टोपल्या गंधकयुक्त पांढऱ्या पुडीच्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायच्या आणि मग खालच्या खणात बर्फावर टाकायच्या. त्या पिंपावर कोणी चुकून वाकून श्वास घेतला तर घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं.

"डेकवरच्या कपड्यांना तो वास असतोच," क्लोविस म्हणाला. "माझ्याही आहे. आता पुरे, एल्वा. जेवू दे त्यांना." आणि त्याला खोकल्याची उबळ आली. कोरडी, खोल, संपता संपेना.

डॉक्टरांनी चमचा ठेवला. "अजून गेला नाही हा?"

"तुमचं सिरप घेतोय की."

"कधी दिलं मी?"

उत्तराची गरज नव्हती. ते सिरप डॉक्टरांनी त्याच दिवशी, त्याच धक्क्यावर, ताडपत्रीपासून दहा पावलांवर उभं राहून लिहून दिलं होतं. एक माणूस खालच्या खणात मेलेला, त्याला वर काढणारा दुसरा छाती फुटेस्तोवर खोकतोय, आणि आपण एकाला दारू लिहिली आणि दुसऱ्याला सिरप. टूप्सना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहरातला पोरगा म्हणत होता ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"बाटली कसली होती?" एल्वाने विचारलं.

त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली. काहीतरी करायला मिळालं म्हणून त्यांना बरंच वाटलं. "साधी बाटली. लेबल नाही. बूच घट्ट. लाल दारू, गळ्यापर्यंत." ते थबकले. "तळाला चेरी."

*

ओडील दर जूनला काळ्या चेरी व्हिस्कीत साखर घालून मुरवायची. सगळ्या खाडीवर तिच्या चेरीच्या दारूचं नाव होतं. पण ती कोणाला मिळायची नाही. नाताळला एकेक पेला, बस. एक बाटली मात्र बोटीवर जायची. म्हाताऱ्याच्या छातीत कफ होतो, त्याला रात्री एक घोट लागतो, आणि तोही गार लागतो, म्हणून बाटली बर्फात पुरलेली असायची.

बाटली सापडली, असं तिला सांगितलं होतं. कुठली, ते कोणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

"ती माझी आहे," ती म्हणाली.

"काय, ओडील?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाटली. मी भरलेली. याच्यासाठी." तिने नवऱ्याकडे नुसतं बोट केलं. "गळ्यापर्यंत होती म्हणता? मग त्या फेरीला याने एकच घोट घेतलेला. आणि नेव्हिलने एकही नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण क्लोविसला तो ऐकवेना. "म्हाताऱ्या, सोळा दिवस तू माझ्या हातची कॉफी पितोयस. मी तुझ्यासमोर म्हणाले, पोराने शब्द मोडला. तू ऐकून घेतलंस."

"तो प्यायला, असं मी म्हणालो नव्हतो," ऑलियस म्हणाला.

"तेच तर. तू काही म्हणाला नाहीस."

डॉक्टरांनी वहीचं कोरं पान काढलं. "ऑलियस, थडगं उघडायची माझी इच्छा नाही. त्याची गरजही नाही. बोटीवर त्या सकाळी काय झालं, हे पाहिलेल्या माणसाने सांगितलं तर मला दाखला बदलता येतो. पण आता मी कॉरोनर म्हणून विचारतोय, पाहुणा म्हणून नाही. तुला गप्प बसायचा हक्क आहे."

"पप्पा, एक अक्षर बोलू नका," क्लोविस म्हणाला. "बोट जाईल. चाळीस वर्षांची बोट. नेव्हिल आपला होता, मला काय दुःख नाही? पण जे राहिलेत त्यांचं काय?"

"मीही राहिलेलीच आहे," एल्वा म्हणाली.

क्लोविसने खुर्ची टेबलापासून मागे सरकवली.

ऑलियस कुरोलने आयुष्यात वादळांना तोंड दिलं होतं, पण आपल्या टेबलाभोवतीच्या माणसांना तोंड द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ती बाटली त्याने ताडपत्रीवर ठेवली नव्हती. ती नेव्हिलबरोबर बर्फातून वर आली, एवढंच. डॉक्टरने बघितली, डॉक्टरने विचारलं, आणि ऑलियसला एकदम वाटलं की कोणीतरी दार उघडून दिलंय आणि आपण फक्त आत जायचंय. तो आत गेला. तेव्हापासून त्याला धड श्वास घेता आलेला नव्हता.

"क्लोविस," तो म्हणाला, "त्याला वर कोणी काढलं?"

"मी."

"कसं?"

"ओलं फडकं तोंडाला बांधून. दम धरून. दोनदा परत यावं लागलं."

"मग तुला ठाऊक आहे खाली काय होतं." त्याने पावाचे तुकडे एका बाजूला सारले. "लिहा, डॉक्टर. आदल्या फेरीला घेणाऱ्याने काळे डाग दाखवून अर्धा माल परत केला होता. मला राग होता. त्यात टोपल्या बुडवत बसायला वेळ लागतो. तर मी पूड कोरडीच टाकली. बर्फाचा थर, कोळंबीचा थर, वर मूठभर पूड, पुन्हा बर्फ. माझीच युक्ती. आता सगळी खाडी करते, पण माझ्यापासून शिकली. त्या दिवशी हात सढळ पडला."

"किती?"

"अख्खी पिशवी. आणि बर्फ टिकावा म्हणून रात्रभर झाकण आवळून ठेवलं."

"ओल्या बर्फावर ती पूड पडली की वाफ सोडते," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. "आणि आतली हवा खाऊन टाकते. बंद खणात माणसाला उरतच नाही काही."

"सकाळी मी नेव्हिलला म्हणालो, खाली जा, बर्फ सारखा कर." ऑलियसचा आवाज इथे फाटला. त्याने पाणी प्यायलं नाही, कोणी दिलंही नाही. "तो म्हणाला, पप्पा, झाकण थोडा वेळ उघडं राहू दे ना, वास येतोय. मी म्हणालो, बर्फ वितळतोय, जा. तो गेला. कुरकुर केली नाही त्याने. कधीच करायचा नाही."

एल्वाने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. ती बापाकडे बघत होती आणि तिचे डोळे आता वाहत होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"प्यायलेला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंब नाही. कधी मागितलीही नाही. मी रात्री माझा घोट घ्यायचो तेव्हा उठून डेकवर जायचा."

*

ऑलियस शाळेत दोनच हिवाळे गेला होता. सहीच्या जागी तो फुली मारायचा, आणि फुलीला दोन साक्षीदार लागतात. ओडीलने चष्मा लावून पहिली सही केली, संथ, गोल अक्षरांत. पेन मग टेबलावर पडून राहिलं.

"एल्वाची चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दाद तिनेच मागितलीय. मीही नाही, मी लिहून घेणारा. हवं तर शेजारून कोणाला बोलावू."

"शेजारून कशाला?" क्लोविस म्हणाला. तो बराच वेळ त्या फुलीकडे बघत बसला. खोकला आला, तो त्याने मुठीत दाबला. मग हात लांब करून पेन घेतलं. "कुठे?"

डॉक्टरांनी बोट ठेवलं. क्लोविसने सही केली.

"बोटीचं मी काही ठरवलेलं नाही, क्लोविस," एल्वा म्हणाली. "उगाच गोड बोलून तुला फसवणार नाही."

"माहितीय मला."

"दाखला उद्या सकाळी कचेरीत जाईल," डॉक्टर म्हणाले. "शनिवारपर्यंत थांबणार नाही मी. आणि ती पाटी राहू दे, ऑलियस. मीच परत नेतो."

"नेऊ नका," ओडील म्हणाली. "लावायची की नाही ते मी बघते. मत कोणाला देणार तेही विचारू नका. आधी एल्वाला वाचून दाखवा."

डॉक्टरांनी वाचलं. बोटीच्या बंद खणात विषारी वायूने गुदमरून मृत्यू. अपघात. कामावर असताना. "आणि जुन्या दाखल्यावरची ती दारूची ओळ मी खोडतो," ते म्हणाले.

"खोडू नका," एल्वा म्हणाली. "खोडलेलं लोक आधी वाचतात. नव्हती प्यायला, असं लिहा."

"त्याला रकाना नाही, बेटा."

"मग कडेला लिहा. जागा आहे."

जागा होती. त्यांनी जुनी ओळ सोडून दाखल्याचा कोरा कागद घेतला, सगळं पुन्हा उतरवलं आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिलं: मृताने मद्यपान केलेले नव्हते.

"परत वाचा, ते शेवटचं."

त्यांनी वाचलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि उठून दारामागची शाल घेतली. "आता चला. त्याच्या आईला तुमच्या तोंडून ऐकू दे. आज रविवार आहे, शेरामींकडे सगळे घरी असतील."

डॉक्टर उठले. टेबलाच्या टोकाशी ऑलियसही उठला, खुर्चीच्या पाठीला धरून. कोणी त्याला बोलावलं नव्हतं.

एल्वा दारात थांबली. तिने बापाकडे पाहिलं, ओडीलला वाटलं आता ती नको म्हणणार.

"या, पप्पा," ती म्हणाली. "पण कागद डॉक्टर वाचतील. झाकणाचं तुम्ही सांगा."